समरहिलचा करार

लहान मुलांच्या बुटांवरचा कर आयर्लंडच्या सरकारला महागात पडला. २७ जानेवारी १९८२ रोजी गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या सरकारने मांडलेल्या अर्थसंकल्पात कपडे-बुटांवर व्हॅट होता आणि त्यातून मुलांचेही बूट सुटले नव्हते. सरकारला टेकू देणारे लिमरिकचे अपक्ष जिम केमी यांनी विरोधात मत दिलं आणि सरकार गडगडलं. १८ फेब्रुवारीला पुन्हा निवडणूक झाली. तीत डब्लिन सेंट्रल मतदारसंघातून चौतीस वर्षांचा एक शिक्षक अपक्ष म्हणून निवडून आला. त्याचं नाव टोनी ग्रेगरी.

ग्रेगरी डब्लिनच्या बॅलीबॉक भागातले. वडील गोदीत गोदामकामगार, आई मूळची ऑफली परगण्यातली. कुटुंब एका खोलीत राहायचं. आईने महापालिकेकडे घर मागितलं, तेव्हा सहा मुलं झाल्यावर या, असं उत्तर मिळालं. शेवटी पै-पै साठवून त्यांनी स्वतःच छोटं घर घेतलं. मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला आणि आयरिश माध्यमाच्या शाळेत शिकवू लागला. तरुणपणी तो प्रजासत्ताकवादी डाव्या संघटनांत वावरला. एकेक संघटना सोडत १९७९ साली अपक्ष म्हणून महापालिकेत पोहोचला. ग्रेगरींच्या पुढच्या राजकारणाचं मूळ मला त्या एका खोलीत दिसतं.

अपक्षाला तिथे वाव मिळतो, त्याचं श्रेय मतदानपद्धतीला आहे. आपल्याकडे आमदार विधान परिषदेवर सदस्य निवडून देतात, तसं आयरिश मतदार पसंतीक्रम लिहितो. पाच जागांच्या मतदारसंघात एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून एक मत जास्त मिळालं की उमेदवार निवडून येतो. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मतंही कामी येतात. त्यामुळे बड्या पक्षाच्या मतदारालाही गल्लीतल्या कार्यकर्त्याला दुसरी पसंती देता येते.

आता १६६ जागांच्या डॉलमधलं, म्हणजे आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहातलं, गणित पाहा. चार्ल्स हॉही यांच्या फियाना फॉलकडे ८१ जागा होत्या आणि अपक्ष नील ब्लेनी त्यांच्या बाजूचे होते. सभापती मतदान करत नसल्याने जिंकायला ८३ मतं पुरेशी होती. कामगारवादी सिन फेनचे तीन सदस्य काय करतील याचा भरवसा नव्हता. हॉही अडले होते ते ग्रेगरींच्या एका मतासाठी. फिट्झजेराल्डही बोलणी करायला आले, पण हॉहींनी जास्त देऊ केलं. समरहिल परेडवरच्या ग्रेगरींच्या साध्या कार्यालयात हॉही स्वतः गेले. मागण्या कागदावर उतरल्या, सह्या झाल्या आणि साक्षीदार म्हणून कामगारनेते मायकल मुलन यांनी सही केली.

त्या कागदावर होतं तरी काय? शहराच्या मध्यवस्तीत ४४० घरं, उरलेल्या डब्लिनमध्ये १,६००. मध्यवस्तीतल्या ५०० माणसांना काम देण्यासाठी ४० लाख पौंड. सर्व निवृत्तिवेतनधारकांना मोफत वैद्यकीय कार्ड. बंद पडलेली क्लॉन्डॉकिनची कागद गिरणी सरकारने ताब्यात घ्यायची. कस्टम हाउसजवळची गोदीची २७ एकर जमीनही सरकारजमा करायची.

९ मार्चला ग्रेगरींनी हा करार सभागृहात वाचून दाखवला आणि तो कामकाजाच्या नोंदीत गेला. हॉही ८६ विरुद्ध ७९ मतांनी पंतप्रधान झाले. कामगारवादी पक्षाची तीन मतं शेवटी हॉहींनाच पडली, म्हणजे मोजणीनंतर पाहिलं तर ग्रेगरींचं मत नसतं तरी चाललं असतं. पण सौदा मोजणीआधी करायचा असतो.

सरकार नोव्हेंबरातच पडलं आणि करारातलं बरंच काही कागदावरच राहिलं. मतदारांनी मात्र ग्रेगरींना सोडलं नाही. ते लागोपाठ आठ निवडणुका जिंकले, तेही पुढे पंतप्रधान झालेल्या बर्टी अहर्न यांच्याच मतदारसंघात. हेरॉइनने त्यांच्या वस्तीतली पोरं गिळली, तेव्हा विक्रेत्यांविरुद्ध उठलेल्या पालकांच्या बाजूने ते उभे राहिले. गुन्हेगारांची मालमत्ता जप्त करणारी यंत्रणा हवी, असा त्यांचा आग्रह होता. ती यंत्रणा १९९६ मध्ये पत्रकार व्हेरॉनिका गेरिन यांच्या हत्येनंतर उभी राहिली. रस्त्यावर फळं-भाजी विकणाऱ्या बायकांवर पोलीस कारवाई करत होते. त्यांच्या आंदोलनानंतर शांतता राखण्याच्या हमीपत्रावर सही करायला ग्रेगरींनी नकार दिला आणि १९८६ मध्ये दोन आठवडे माउंटजॉय तुरुंगात काढले. निवडून आलेल्या प्रतिनिधीने फेरीवाल्यांसाठी तुरुंगात जाणं मला त्या करारापेक्षाही मोठं वाटतं. सभागृहात त्यांनी कधी टाय लावला नाही.

२ जानेवारी २००९ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. जूनमधल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या सहकारी मॉरीन ओसलिव्हन अपक्ष म्हणूनच जिंकल्या.

एका अपक्षाने देशाचा पैसा आपल्या गल्लीत ओढला, अशी टीका त्या करारावर आजही होते. ती मला पटत नाही. मध्यवस्तीला तोवर काही मिळालंच नव्हतं, आणि पेन्शनरांचं वैद्यकीय कार्ड ही एका गल्लीची मागणी नव्हे. टीका करायचीच तर नंतरच्यांवर करावी. १९९७ मध्ये अहर्न यांचं अल्पमतातलं सरकार अपक्षांच्या टेकूवर उभं राहिलं, तेव्हा कुणाला काय कबूल केलं ते जाहीर झालं नाही. कस्टम हाउसच्या त्या २७ एकरांवर १९८७ पासून आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र उभं राहिलं. तिथून थोड्याच अंतरावरच्या वस्त्यांतले लोक त्यानंतरही महापालिकेच्या घरांच्या प्रतीक्षायादीत होते.