कटिभागातील नलिकासंकोच : शस्त्रक्रियेचा विस्तार आणि तिचे धोके

उतारवयात मणक्यांमधील कूर्चा दबते, मागील लहान सांध्यांची हाडे वाढतात आणि अस्थिबंध जाड होतात. परिणामी कटिभागातील मणक्यांच्या नलिकेतून जाणाऱ्या मज्जातंतूंना पुरेशी जागा उरत नाही. या अवस्थेस नलिकासंकोच म्हणता येईल. वाढीतच अरुंद राहिलेल्या नलिकेमुळे उद्भवणाऱ्या लक्षणसमूहाचे वर्णन डच शस्त्रवैद्य हेंक फर्बीस्ट यांनी १९५४ साली प्रसिद्ध केले, आणि पुढे या विकारास वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले. थोडे चालताच पाय भरून येणे व दुखणे, आणि पुढे वाकले किंवा बसले की आराम पडणे, हे त्याचे प्रमुख लक्षण होय.

औषधे व व्यायाम यांनी गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात मणक्याच्या मागील हाडाचा व जाड झालेल्या बंधाचा भाग काढून मज्जातंतूंवरील दाब दूर करतात. तिला दाबमुक्ती म्हणू. दुसऱ्यात दाबमुक्तीच्या जोडीला शेजारचे मणके हाडाचे कलम लावून, बहुधा धातूचे मळसूत्री खिळे व दांड्या बसवून, एकमेकांस कायमचे जोडतात. हे संधान होय.

अमेरिकेतील मेडिकेअर योजनेतील वृद्धांच्या नोंदींवरून डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष येथे विशेष महत्त्वाचे आहेत. २००२ ते २००७ या काळात नलिकासंकोचावरील एकूण शस्त्रक्रियांचे प्रमाण किंचित घटले. परंतु जटिल संधानाचे, म्हणजे पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी किंवा दोहोंहून अधिक कूर्चास्तरांवर केलेल्या संधानाचे, प्रमाण दर लाखामागे १.३ वरून १९.९ वर, म्हणजे सुमारे पंधरापट गेले. जिवावर बेतणारे उपद्रव केवळ दाबमुक्तीनंतर २.३ टक्के, तर जटिल संधानानंतर ५.६ टक्के रुग्णांत आढळले. तीस दिवसांच्या आत पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण अनुक्रमे ७.८ व १३ टक्के होते. अशा नोंदींवरून कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध होत नाही, कारण कोणत्या रुग्णास कोणती शस्त्रक्रिया करावयाची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नसते. तथापि वय व इतर व्याधी यांचा हिशेब घेऊनही फरक शिल्लक राहिला, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

मग या वाढीव धोक्याच्या बदल्यात रुग्णास अधिक लाभ होतो काय? स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीत, मणका पुढे सरकलेला असो वा नसो, दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय अंतर आढळले नाही. संधानात मात्र रक्तस्राव अधिक झाला व रुग्णालयातील वास्तव्य लांबले. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. मणका सरकलेल्या २६७ रुग्णांवरील नॉर्वेच्या २०२१ सालच्या चाचणीतही केवळ दाबमुक्ती उणी ठरली नाही. याउलट, २०१६ सालीच प्रसिद्ध झालेल्या ६६ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत संधान केलेल्यांची शारीरिक स्थिती काहीशी अधिक सुधारली व पुन्हा शस्त्रक्रियेची गरज कमी पडली. म्हणून संधान सर्वथा त्याज्य होय असा निष्कर्ष काढणे अयोग्य ठरेल. मणका स्पष्टपणे अस्थिर असल्यास किंवा कण्यास मोठा बाक आला असल्यास प्रश्न निराळा होतो. अशा रुग्णांना वरील निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

यावरून एक विवेक निष्पन्न होतो. चित्रणात दिसणारा संकोच म्हणजे विकार नव्हे. कोणतीही तक्रार नसलेल्या अनेक वृद्धांतही तो आढळतो. शस्त्रक्रियेचा हेतू प्रायः रुग्णाचे चालणे सुधारणे हा असतो, प्राण वाचविणे हा नव्हे. म्हणूनच तिच्या प्रत्येक वाढीव टप्प्याचे समर्थन रुग्णास होणाऱ्या वाढीव लाभानेच झाले पाहिजे. तंत्र उपलब्ध आहे, एवढे कारण त्यास पुरेसे नाही.