एका स्विचवर दोन जाळी



एका शाळेच्या तपासणीस गेलो असता संगणक-कक्षातील सहावीच्या एका मुलाने मोठ्या उत्साहाने मला पडद्यावर एक यादी दाखविली. ती शिष्यवृत्ती मिळणाऱ्या मुलांच्या बँक-खात्यांची व आधार क्रमांकांची होती. मुलाने काहीही चोरले नव्हते. कार्यालयातील संगणकावरचे फोल्डर सामाईक ठेवलेले होते आणि कार्यालयाच्या व कक्षाच्या तारा एकाच स्विचमध्ये येत होत्या. फोल्डर बंद करविले, हे तर झालेच. परंतु मूळ दोष जोडणीचा होता.

त्याकरिता दुसरा स्विच घ्यावाच लागतो असे नाही. एकाच स्विचचे आभासी विभाग पाडता येतात. त्यांस व्हीलॅन म्हणतात. ज्यांच्या एका खोलीत दोन इयत्ता बसतात त्या गुरुजींस हे निराळे समजावून देणे नको. मध्ये भिंत नसते, तरी चौथीचा अभ्यास तिसरीने लिहून घ्यावयाचा नसतो. (तिसरीची मुले कान देऊन ऐकतात, ही गोष्ट वेगळी. स्विच ऐकूही देत नाही.) मात्र स्विच ‘मॅनेज्ड’ किंवा ‘स्मार्ट’ जातीचा असावा, साध्या स्विचला हे साधत नाही.

आठ पोर्टांचा स्विच घेऊ. कार्यालयास व्हीलॅन १० व कक्षास व्हीलॅन २० द्यावा. क्रमांक १ ते ४०९४ पर्यंत घेता येतात. परंतु १ हा मूळचाच असल्याने तो वगळावा. पोर्ट २ व ३ व्हीलॅन १० मध्ये आणि ४ ते ७ व्हीलॅन २० मध्ये ‘अनटॅग्ड’ म्हणून घालावेत. पोर्ट १ राउटरकडे जातो. त्यावरून दोन्ही विभागांची वाहतूक जावयाची, म्हणून तो दोहोंत ‘टॅग्ड’ ठेवावा. पोर्ट ८ मूळ विभागातच राहू द्यावा व हे सर्व काम त्यावरूनच करावे, नाहीतर मांडणी बदलता बदलता आपणच बाहेर पडतो. एरवी तो रिकामा ठेवावा.

पुष्कळांची चूक यापुढे होते. विभागात नाव घातले म्हणजे झाले, असे ते समजतात. लहान स्विचांत ‘पीव्हीआयडी’ नावाचा आणखी एक रकाना असतो. संगणकाकडून आत येणारी माहिती कोणत्या विभागाची मानावयाची, हे तो ठरवितो. पोर्ट २ व ३ ला तेथे १० आणि ४ ते ७ ला २० भरावेत, व ही सहाही पोर्टे व्हीलॅन १ मधून काढावीत.

राउटरला व्हीलॅन कळतो की नाही, हे आधी पाहावे. घरगुती राउटरांस बहुधा कळत नाही. कळत असला तरी तो दोन विभागांची गाठ स्वतःच घालून देऊ शकतो. म्हणून कक्षातून कार्यालयाकडे जाण्यास त्यात स्पष्ट मनाई घालावी.

मग कक्षातील संगणकावर बसून कार्यालयाचे फोल्डर उघडून पाहावे. उघडले नाही, तर मांडणी जतन करावी. पुष्कळ स्विचांत जतन न केलेली मांडणी वीज जाताच पुसली जाते, आणि आपल्याकडे वीज केव्हा जाईल हे आपणांस ठाऊकच आहे.