फिल्म कीं डिजिटल? : एका छायाचित्रकाराची अडचण



फिल्मवर छायाचित्रें काढणारा मनुष्य आज पुण्यांत कोणाला भेटला, तर त्याला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : "अजून फिल्मच? डिजिटल कॅमेरा कां घेत नाहीं?" विचारणाऱ्याच्या मनांत उत्तर आधींच ठरलेलें असतें. हा गृहस्थ एक तर हट्टी असला पाहिजे, किंवा नव्याला भिणारा. मीं चाळीस वर्षें फिल्मवर काम केलें आहे, आणि हे दोन्ही आरोप थोडेबहुत मान्य करतों. परंतु या दिरंगाईचें आणखी एक कारण आहे. तें दोन्ही यंत्रांच्या स्वभावांत आहे, आणि तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवरचा जिलेटिनचा पातळ थर. त्या थरांत रुप्याच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, असंख्य कण असतात. उजेड लागला कीं त्यांत इतका सूक्ष्म फरक होतो कीं डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. पुढें डेव्हलपरमध्यें घातल्यावर उजेड लागलेले कण काळे होतात आणि उरलेले हायपोनें निघून जातात. डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सिलिकनचा एक चौकोनी तुकडा असतो, व त्यावर लक्षावधि बारीक घरें असतात. उजेडानें प्रत्येक घरांत विद्युत्‌भार सांठतो; तो मोजून त्याचा आंकडा करतात. चित्र म्हणजे या आंकड्यांची यादी. गंमत अशी कीं, असा कॅमेरा प्रथम बनला तो फिल्म विकणाऱ्यांच्याच घरीं. कोडॅकमधील स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनियरनें १९७५ सालीं तो तयार केला. त्याच्या चित्रांत अवघे दहा हजार ठिपके होते, आणि एक चित्र कॅसेटच्या टेपवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. त्याच कोडॅकला जानेवारी २०१२ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज घेऊन न्यायालयांत जावें लागलें.

आतां मुख्य अडचण. आषाढी वारीची पालखी भर दुपारीं पुण्यांत शिरते आहे, आणि समोर एक वारकरी उभा आहे, असें समजा. त्याचें धोतर पांढरें, टोपी पांढरी, आणि टोपीखालचा चेहरा उन्हानें रापलेला व सावलींत. निगेटिव्ह फिल्मवर काम करणारा मनुष्य त्या चेहऱ्याचा उजेड मोजतो आणि फिल्मला मोकळ्या हातानें प्रकाश देतो. धोतरावर उजेड फाजील पडतो खरा, पण फिल्म तो हळूहळू, कुरकुरत कां होईना, सोसते. अंधाऱ्या खोलींत कागदाला थोडा वेळ अधिक दिला कीं धोतराच्या निऱ्या परत दिसूं लागतात. डिजिटलचें घर मात्र पाण्याच्या पेल्यासारखें आहे. कांठोकांठ भरल्यावर पुढचें पाणी वाया जातें. चेहऱ्यासाठीं प्रकाश दिला तर धोतराच्या जागीं कोरा पांढरा डाग राहतो, आणि मग कोणत्याही उपायानें त्यांतून निरी निघत नाहीं. तेथें आधीं धोतर वांचवावें लागतें; चेहरा मागाहून काळोखांतून वर काढतां येतो, आणि तो आश्चर्य वाटावें इतका चांगला येतो. म्हणजे चाळीस वर्षें हाताला जें वळण लागलें, त्याच्या नेमकें उलट वागावयाचें. (स्लाइडवर काम केलेल्यांना हें पथ्य जुनेंच आहे, ते आम्हांला हंसतात.)

खर्च, वेग, रात्रीच्या उजेडांतलें काम, यांबद्दल वाद घालण्यांत अर्थ नाहीं. तेथें डिजिटल सरळ जिंकलें आहे. रघु राय यांच्यासारखा फिल्मवर नांव कमावलेला छायाचित्रकारही २००३ च्या सुमारास तिकडे वळला. शिवाय माल मिळेनासा झाला. उटीस १९६० सालीं स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 'इंदू' नांवाची फिल्म काढीत असे. तो बंद पडला. कोडाक्रोम धुण्याचें शेवटचें दुकान अमेरिकेंत होतें. त्यानें ३० डिसेंबर २०१० रोजीं नवे रोल घेणें थांबविलें.

तरी हात अडतो, तो टिकण्याच्या प्रश्नापाशीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां मी सहा वर्षांचा होतों. आमचें बिऱ्हाड नारायण पेठेंत. पाणी ओसरल्यावर वडिलांनीं गाळांतून निगेटिव्हचा डबा काढला. त्यांनीं त्या वाळूं दिल्या नाहींत. वाळल्या असत्या तर जिलेटिन चिकटून सर्व गेलें असतें. नळाला पाणी नव्हतें, म्हणून विहिरीच्या पाण्याच्या बादलींत बुडवून ठेवल्या, एकेक धुतली आणि आईच्या कपड्यांच्या चिमट्यांनीं दोरीवर टांगली. निम्म्याहून अधिक वांचल्या. आजही त्यांतली कोणतीही उजेडासमोर धरली कीं माझी आजी दिसते. त्यासाठीं कोणतेंही यंत्र लागत नाहीं. उलट, वीस वर्षांपूर्वीं एका मित्रानें दिलेली चित्रांची तबकडी आज माझ्या कोणत्याच यंत्राला वाचतां येत नाहीं.

पण याच शहरांत फिल्मचा गर्व उतरविणारी गोष्टही घडली आहे. प्रभात कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली. तिच्या जागेंत पुढें फिल्म इन्स्टिट्यूट झाली, आणि जवळच १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें. इन्स्टिट्यूटच्या आवारांतील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला जानेवारी २००३ मध्यें आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या कितीतरी मूळ प्रती जळून गेल्या. नायट्रेट एकदां पेटलें कीं पाण्याखालींही विझत नाहीं. नंतरची ॲसिटेटची फिल्म तशी भडकून पेटत नाहीं, पण दमट हवेंत तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊं लागतो आणि ती आंखडते. आंकड्यांची यादी मात्र दहा ठिकाणीं उतरून ठेवली तरी दहावी प्रत पहिलीइतकीच चोख असते. निगेटिव्ह एकच असते.

अखेर गेल्या वर्षीं मीं एक डिजिटल कॅमेरा घेतला. पालखीला दोन्ही खांद्यांवर दोन कॅमेरे होते. पहिल्या दिवसाचीं डिजिटल चित्रें धोतराच्या जागीं कोरीं निघालीं. दुसऱ्या दिवशीं बरीं आलीं. आतां प्रत्येक चित्राच्या तीन प्रती ठेवतों, पैकीं एक कोथरूडला बहिणीकडे. आणि वर्षांतून शंभरेक निवडून कागदावर छापून घेतों, मागें पेन्सिलीनें नांव आणि तारीख लिहितों, आणि वडिलांच्याच डब्यांत ठेवतों. फिल्मचा बारा चित्रांचा रोल अजून धुवावयाचा राहिला आहे.