बाह्य मूत्रनलिका
बाह्य मूत्रनलिका : मूत्रविसर्जनावर ताबा न राहिलेल्या पुरुष रुग्णाचे मूत्र, शरीरात नळी न घालता गोळा करण्याचे साधन. लॅटेक्सचे किंवा सिलिकोनाचे पातळ आवरण शिश्नावर चढवून त्याच्या टोकाची तोटी नळीने मूत्रपिशवीस जोडतात. पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, स्मृतिभ्रंश, वार्धक्यातील दुर्बलता, तसेच अष्ठीला ग्रंथीवरील शस्त्रक्रियेनंतरची गळती यांत तिचा उपयोग होतो. मूत्राशयात ठेवलेल्या नलिकेपेक्षा हिच्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका सामान्यतः कमी असतो. तो नाहीसा मात्र होत नाही.

मूत्राशय नीट रिकामे होत असेल तरच ही नलिका वापरावी. मूत्र आत तुंबून थेंबथेंब गळत असल्यास आवरणामुळे मूळ विकार झाकला जातो व मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. त्यामुळे वैद्यकीय तपासणी आधी करणे आवश्यक असते. त्वचेवर जखम असल्यास कोणतेही आवरण, तर लॅटेक्सची अधिहर्षता (ॲलर्जी) असल्यास लॅटेक्सचे आवरण वर्ज्य होय.

वापरण्याची रीत : योग्य मापाचे आवरण निवडावे. सौम्य साबणाने धुऊन त्वचा पूर्ण कोरडी करावी. शिश्नाग्रावरील त्वचा मागे सारली असल्यास ती पुन्हा पुढे आणावी. टोकाशी सु. १ ते २ सेंमी. जागा मोकळी ठेवून आवरण उलगडावे. साधी चिकटपट्टी किंवा दोरा भोवती कधीही गुंडाळू नये. रक्तप्रवाह थांबून ऊतकाचा नाश होण्याचा धोका असतो. अर्ध्या तासाने व नंतर दिवसातून अनेकदा सूज व रंगबदल पाहावा. आवरण साधारणपणे दर २४ तासांनी बदलावे. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीस न टेकता टांगावी आणि पूर्ण भरण्यापूर्वी रिकामी करावी.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील भंडारदऱ्यासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात या साधनाचे महत्त्व विशेष आहे. घाटघर, रतनवाडी या परिसरात पावसाळ्यात अंथरूण-पांघरूण दिवसेंदिवस वाळत नाही. ओल्या कपड्यांत पडून राहिल्याने त्वचा सोलवटते व शय्याव्रण होतात. रात्री निसरड्या अंगणातून शौचालयाकडे जाताना वृद्ध पडतात. मात्र त्याच दमट हवेत आवरणाखालची त्वचाही लवकर खराब होते. म्हणून रोज काही काळ ते काढून त्वचा मोकळी ठेवणे हितकर असते.

गळती कमी व्हावी म्हणून रुग्णाला पाणी कमी देण्याची चूक अनेक घरांत होते. त्यामुळे मूत्र गढूळ व दाहक बनते आणि संसर्ग वाढतो. शुश्रूषा बहुधा पत्नी, मुलगा किंवा सून करते. रुग्णाचा संकोच जाणून, त्याची संमती घेऊन व आडोसा ठेवून हे काम केल्यास तो साधन ओढून काढण्याचा संभव कमी होतो.

ताप, मूत्रात रक्त, पोट फुगणे, शिश्नास सूज किंवा काळसरपणा, तसेच सहा-आठ तास मूत्र न होणे, ही तातडीची लक्षणे होत. अशा वेळी आवरण काढून रुग्णास त्वरित वैद्याकडे न्यावे. स्त्रियांसाठी चूषणावर चालणारी बाह्य साधने उपलब्ध आहेत. परंतु त्यांना वीज लागत असल्याने वीजपुरवठा खंडित होणाऱ्या गावांत शोषक कापड व वेळच्या वेळी भांडे देणे हाच अधिक भरवशाचा मार्ग ठरतो.