ओडिशाचा कौल आणि मायबोलीचा प्रश्न

भाषावार प्रांतरचनेचा विषय निघाला की आपण आंध्रचे नाव घेतो. परंतु १ एप्रिल १९३६ रोजी भाषेच्या आधारावर वेगळा झालेला ओडिशा त्याहून जुना. ओडिया भाषकांची मोठी वस्ती असलेली सरायकेला व खरसावां ही संस्थाने १९४८ मध्ये बिहारला जोडली गेली. असे तुटणे म्हणजे काय, हे सीमाभागातील माणसाला वेगळे सांगायला नको.

अशा या राज्यात ५ मार्च २००० रोजी नवीन पटनायक मुख्यमंत्री झाले. शिक्षण डेहराडूनला, उमेदीची वर्षे दिल्लीत व परदेशात. ओडिया त्यांना धड बोलता येत नसे. रोमन लिपीत लिहून घेतलेले भाषण ते वाचून दाखवीत. तरीही लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. २०१९ मध्ये ते पाचव्यांदा जिंकले. मतदान झालेल्या १४६ जागांपैकी ११२ बिजू जनता दलाला मिळाल्या. त्याच वेळी झालेल्या लोकसभेच्या मतदानात मात्र २१ पैकी ८ जागा भाजपला गेल्या. मतदार अडाणी नसतो, तो दोन पेट्यांत दोन हिशेब मांडतो.

हा हिशेब कोणता? रुपया किलोचा तांदूळ, महिलांचे बचत गट आणि वादळातील बंदोबस्त. १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिनपूर्वी लाखो लोकांना आधीच हलवल्याने बळी शंभराच्या आत राहिले.

मग भाषा गौण ठरली काय? नाही. २०२४ मध्ये पटनायकांचे तमिळ वंशाचे निकटवर्ती व्ही. के. पांडियन यांच्यावरून विरोधकांनी 'ओडिया अस्मिते'ची हाक दिली. भाजपला ७८ व बिजू जनता दलाला ५१ जागा मिळाल्या आणि चोवीस वर्षांची सत्ता गेली. केवळ भाषेमुळे गेली असे नव्हे. पण राख झालेला वाटणारा निखारा आत धगधगत होता.

आपल्याकडे २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत समितीला एकही जागा मिळाली नाही. फाटाफुटीला दोष देऊन आपण मोकळे झालो. पण कन्नड उतारा हातात घेऊन कचेरीच्या दारात अडलेल्या शेतकऱ्यासोबत आपल्यापैकी किती जण उभे राहिले? गावच्या मराठी शाळेचा पट घसरला, तेव्हा किती घरी गेलो? मी स्वतः शिक्षक व समितीचा कार्यकर्ता, म्हणून हा प्रश्न आधी मलाच आहे. भाषेचे प्रेम लोकांच्या मनात आहेच. पाच वर्षे त्यांच्या कामाला येऊ, तरच ते मतपेटीत उतरेल.