रानातील अळंबी : ओळख आणि नोंद

वर्षाऋतूतील एखाद्या सकाळी शाळेच्या पटांगणाच्या कडेला, काल जेथे केवळ भिजलेले गवत होते तेथे, पांढऱ्या छत्र्यांची एक रांग उभी असलेली दिसते. दुपारपर्यंत त्यांच्या कडा वाकतात, सायंकाळी त्यांत किडे शिरतात आणि दुसऱ्या दिवशी तेथे काळपट लगदा तेवढा उरतो. एखादे झाड आज ओळखता आले नाही तर उद्या त्याच्यापाशी पुन्हा जाता येते. अळंबी इतका अवधी देत नाही. तिच्याविषयी जे कळावयाचे ते बहुधा त्याच दिवशी पाहून टिपून ठेवावे लागते.

जिला आपण अळंबी, भूछत्र अथवा कुत्र्याची छत्री म्हणतो ती वस्तुतः संपूर्ण जीव नव्हे. कवकाचे खरे शरीर म्हणजे माती, कुजणारी पाने किंवा लाकूड यांत पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे होय. ओल आणि उष्णता अनुकूल झाली म्हणजे हे जाळे आपले फळ वर पाठविते; त्या फळाचे काम बीजुके विखुरण्याचे. अशा कवकांच्या सुमारे दीड लाख जाती आजवर शास्त्रज्ञांनी वर्णिलेल्या आहेत, आणि पृथ्वीवरील एकूण संख्या २२ ते ३८ लाख असावी असा अंदाज २०१७ मध्ये मांडण्यात आला. हिंदुस्थानातील कवकांची सूची बटलर आणि बिस्बी यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यात पुढे पुष्कळ भर पडली. तथापि आपल्या रानांचा मोठा भाग अद्याप कोणी या दृष्टीने पाहिलेलाच नाही. म्हणून हौशी निरीक्षकाच्या वहीला येथे जितके मोल आहे तितके निसर्गशास्त्राच्या फारच थोड्या शाखांत असेल.

प्रथम आपल्या पटांगणातील पांढऱ्या छत्र्यांकडेच वळू. छत्राच्या खाली पाहिल्यास दांड्यापासून कडेपर्यंत गेलेले पातळ पडदे दिसतात. त्यांना कल्ले म्हणतात. कोवळेपणी ते पांढरे असतात आणि म्हणून ही अळंबी खाण्याजोगी आहे असे पाहणाऱ्यास वाटते. आता तिचे छत्र दांड्यापासून कापावे, कल्ले खाली येतील असे काचेच्या तुकड्यावर ठेवावे आणि वर एक वाटी पालथी घालावी. काही तासांनी, निदान दुसऱ्या सकाळी, काचेवर कल्ल्यांची नक्षी बीजुकांच्या भुकटीने उमटलेली आढळते. यास बीजुक-ठसा म्हणतात. तो मळकट हिरवा आला तर ती क्लोरोफायलम मोलिब्डायटिस असण्याचा संभव मोठा आहे. ही जाती हिरवळीवर, कित्येकदा वर्तुळाकार रांगेत उगवते व खाल्ल्यास तीव्र वांत्या आणि जुलाब होतात. चॉकलेटी ठसा अॅगॅरिकस प्रजातीकडे बोट दाखवितो, पांढरा ठसा आणखी इतर अनेक प्रजातींकडे. काच यासाठी की, पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. काचेखाली मात्र हवा तो कागद सरकविता येतो.

दुसरा निर्णायक पुरावा जमिनीखाली असतो आणि अळंबी उपटणारा तो हमखास मोडून टाकतो. वारुळांवर उगवणाऱ्या टर्मिटोमायसिस या अळंब्या कोकणापासून आसामपर्यंत लोक आवडीने खातात. त्यांचा दांडा मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेला असतो, कारण वाळवी हे कवक तेथे स्वतः जोपासते. उलट, अमॅनिटा प्रजातीतील अळंब्यांच्या दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण असते, आणि याच प्रजातीत जगातील सर्वांत घातक अळंब्या मोडतात. दांडा जमिनीलगत तोडला तर मूळही गेले आणि पिशवीही गेली. म्हणून चाकू खोल घालून, सभोवतालच्या मातीसह अळंबी उचलावी. या एवढ्याशा सवयीवर पुष्कळ काही अवलंबून आहे.

अमॅनिटा फॅलॉइडिस हिच्या विषाचे भयंकर वैशिष्ट्य असे की, खाल्ल्यानंतर पहिले सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक, काहीच जाणवत नाही. त्रास सुरू होईपर्यंत विष यकृताच्या पेशींपर्यंत पोहोचलेले असते. शिजविल्याने ते नष्ट होत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, किड्याने खाल्लेली अळंबी निर्धोक असते, या समजुतींना कसलाही आधार नाही. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानातील अळंब्या खाऊन दहाहून अधिक माणसे दगावली. त्यांत चहामळ्यांतील कुटुंबे होती. या पुस्तिकेचा हेतू नोंद करणे हा आहे. तिच्या आधारे कोणीही काहीही खाऊ नये. मोबाइल यंत्रातील छायाचित्र पाहून नाव सुचविणाऱ्या सोयींनाही हेच लागू. छायाचित्रास बीजुक-ठसा नसतो आणि बुडाची पिशवीही त्यात बहुधा आलेली नसते.

हौशी मंडळींनी या शास्त्राची केलेली सेवा लहान नाही. जोसेफ हूकर याने १८४८ नंतर सिक्कीम-दार्जिलिंगच्या अरण्यांतून जमविलेल्या कवकांचे वर्णन इंग्लंडमधील बर्कले या धर्मोपदेशकाने केले. वाळलेल्या नमुन्यांचा मूळ रंग केव्हाच उडालेला. हूकरने ताज्या अळंब्यांविषयी लिहून ठेवलेली टिपणे व चित्रे हाती होती म्हणूनच ते काम शक्य झाले. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिन्टॉश हा तर खेड्यापाड्यांतून पत्रे वाटणारा टपालवाला. पायी फिरताना त्याने आपल्या भागातील अळंब्यांचा असा अभ्यास केला की, १८९२ मध्ये बीट्रिक्स पॉटर ही तरुण चित्रकार आपली चित्रे घेऊन त्याच्याकडे आली. मुलांच्या गोष्टींमुळे पुढे कीर्ती पावलेली ती हीच. चित्रे सुंदर होतीच; परंतु छत्र उभे कापून आतील भाग व कल्ल्यांची जोडणीही रेखाटल्यास ती ओळखीच्या कामी येतील, असे मॅकिन्टॉशने तिला सुचविले. तिने ते मानले. १८९७ मध्ये बीजुकांच्या अंकुरणावरील तिचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे आला तेव्हा स्त्री म्हणून तिला सभेस हजर राहता आले नाही. पुढे १९६७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी, फिंडले यांच्या कवकांवरील पुस्तकात तिची पन्नासाहून अधिक चित्रे छापली गेली. सत्तर वर्षांनी ती उपयोगी पडली ती कापलेल्या छत्रांमुळे.

वहीत काय लिहावे? तारीख, ठिकाण आणि समुद्रसपाटीपासूनची उंची ही तर हवीतच. अळंबी मातीवर होती, शेणावर, पाचोळ्यात की लाकडावर. आणि जवळ कोणती झाडे होती, हेही हवे. ही शेवटची बाब नवशिक्याच्या हातून हटकून सुटते. प्रस्तुत लेखकाने पहिल्या पावसाळ्यात वीस पुडक्या एका तज्ज्ञाकडे मोठ्या अभिमानाने पाठविल्या. त्या परत आल्या, सोबत एकच प्रश्न : साल की देवदार? कित्येक कवके विशिष्ट वृक्षांच्या मुळांशी जोडूनच जगतात, हे तेव्हा ठाऊक नव्हते. याखेरीज छत्राची रुंदी व दांड्याची लांबी मोजावी, वास लिहावा, आणि कापल्यावर गर निळा, लाल वा पिवळा पडतो काय हे लगेच पाहावे. हा पालट कधी कधी क्षणार्धात होऊन जातो. नाव ठाऊक नसेल तर क्रमांक द्यावा. चुकीच्या नावापेक्षा तो बरा.

नमुना प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, तो घामेजून सडतो. कागदात गुंडाळून घरी आणावा, मंद उष्णतेवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवावा, आणि ठशासह कागदी पाकिटात ठेवून त्यावर वहीतील क्रमांक घालावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर यांच्या नावाचा कवकसंग्रह आहे, तसाच दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतही एक जुना संग्रह आहे. अशा ठिकाणी नमुना पाठविण्यापूर्वी पत्राने विचारणा करावी, आणि पत्रासोबत वहीतील त्या पानाची नक्कल जोडावी. अभयारण्यातून काहीही उचलण्यास वनखात्याची परवानगी लागते. तेथे चित्र, मोजमाप आणि छायाचित्र यांवर थांबावे.