गच्चीवरची भाजी आणि दादरचा फुटपाथ

चाळीच्या गच्चीवर अळू, मिरच्या, कढीपत्ता भरपूर आला की वाटतं, माल घरचा आहे, मग विकायला परवानगी कशाला? भाजी पिकवायला परवाना लागत नाही हे खरंच. ताज्या भाजीवर जीएसटीही नाही. 2016पासून महाराष्ट्रात बाजार समितीच्या आवाराबाहेर भाजी विकायची मुभा आहे. प्रश्न येतो तो जागेचा. लालबागला घरच्या गणपतीसाठी कुणी परवानगी मागत नाही. रस्त्यात मांडव घालायचा तर महापालिकेकडे जावंच लागतं. तसंच हे.

फुटपाथवर बसायला 2014च्या कायद्यानुसार विक्री प्रमाणपत्र (ठरलेल्या जागी बसण्याची लेखी मुभा) हवं. उच्च न्यायालयाच्या 2017च्या आदेशानुसार रेल्वे स्थानकापासून 150 मीटरपर्यंत तर फेरीवाल्यांना मनाईच आहे. दादरची गर्दी पाहून ते पटणार नाही, पण आहे. नेहमीची विक्री असेल, तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी (छोट्या विक्रेत्यांसाठीचा, परवान्याहून सोपा दाखला) करून घेतलेली बरी. थेट गिऱ्हाइकाला सेंद्रिय भाजी विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्राची सक्ती नाही. ‘जैविक भारत’चं चिन्ह (प्रमाणित सेंद्रिय मालाची खूण) मात्र लावता येत नाही. आणि गच्ची सोसायटीची असेल, तर कुंड्या चढवण्याआधीच कमिटीला विचारावं.